नाटकाला वीस हजार, स्मरणिकेला दीड लाख

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं – या अंकात सेवा क्लबांचा निधी

जुलै उजाडला की नाशिकमध्ये पदग्रहण सोहळ्यांची रांग लागते आणि त्यापाठोपाठ आमच्याकडे पैशांविषयीची पत्रंही येऊ लागतात. रोटरी, लायन्स, महिला मंडळं, कॉलनीतले ज्येष्ठ नागरिक संघ, सगळ्यांची दुखणी साधारण सारखीच. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या क्लबात ३२ सभासद आहेत. प्रत्येकी ९,००० रुपये वार्षिक वर्गणी भरूनही 'सेवाकार्याला काही उरत नाही' असं खजिनदार सांगतात. मग हे पावणेतीन लाखांहून जास्त पैसे जातात कुठे?
– एक नवा सभासद, गंगापूर रोड

खजिनदार बहुधा खरं सांगताहेत. वर्गणी ही क्लब चालवण्यासाठी असते. तिच्यातून आंतरराष्ट्रीय संस्थेचा आणि डिस्ट्रिक्टचा (क्लबांच्या प्रादेशिक विभागाचा) वाटा जातो, मासिकाची वर्गणी जाते, सभेच्या हॉलचं भाडं, चहा-नाश्ता, प्रांतपालांच्या (डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांच्या) भेटीचा खर्च हे सगळं निघतं. सेवाकार्याचा पैसा वेगळा उभा करावा लागतो आणि वेगळाच ठेवावा लागतो. लायन्समध्ये तर हा नियमच आहे : लोकांकडून उभारलेला पैसा लोकांच्याच कामाला लागला पाहिजे, प्रशासनाच्या खर्चाला नाही.

अफरातफर क्वचितच होते. बहुतेक क्लब घसरतात ते 'नंतर टाकू' या दोन शब्दांवर. पाहुण्यांचा बुके आणायचा असतो, वर्गणीच्या खात्यात पैसे नसतात, म्हणून नाटकाच्या खात्यातून चारशे रुपये काढले जातात. पुढच्या महिन्यात केटररचे बारा हजार. जूनमध्ये पदाधिकारी बदलतात आणि 'नंतर' कधी येतच नाही. दोन बँक खाती, दोन वेगळ्या रंगांची पावतीपुस्तकं आणि प्रत्येक चेकवर दोन सह्या ठेवा, एवढ्याने निम्मी भांडणं टळतात.

दुसरी अडचण कॅलेंडरची. क्लबचं वर्ष १ जुलै ते ३० जून, हिशेबाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. म्हणजे एकाच आर्थिक वर्षात दोन खजिनदार. जुन्याने ३० जूनला फक्त शिल्लक रक्कम हातात दिली आणि व्हाउचर घरीच राहिली, की मार्चनंतर ऑडिटला बसणाऱ्या नव्याची पंचाईत होते. ताबा देताना बँक पासबुकाशी जुळवलेलं पत्रक, वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तकं क्रमांकासह, आणि येणी-देणी यांची यादी लेखी घ्यावी.

प्रश्न : मदतनिधीसाठी कालिदास कलामंदिरात नाटकाचा प्रयोग ठेवायचा विचार आहे. हाउसफुल्ल झाला तर किती उरतील?
– सचिव, महिला मंडळ, कॉलेज रोड

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरेच कमी. खालच्या रकमा उदाहरणादाखल धरा, तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला.

समजा ८०० तिकिटं आहेत : ३०० तिकिटं ५०० रुपयांची, ३०० तिकिटं ३०० रुपयांची, २०० तिकिटं २०० रुपयांची. कागदावर होतात २ लाख ८० हजार. त्यातून पास, मानाच्या रांगा आणि सभासदांनी घेऊन न विकलेली तिकिटं वजा करा. दोन लाख हातात आले तरी चांगलं म्हणायचं. प्रयोग ठोक रकमेत घेतला, कलाकारांचा प्रवास-जेवण धरून १ लाख ३० हजार. नाट्यगृह, वातानुकूलन, ध्वनी-प्रकाश ३५ हजार. छपाई, फ्लेक्स, किरकोळ १५ हजार. उरले २० हजार. तीन महिन्यांच्या धावपळीला वीस हजार!

पैसा मिळतो तो स्मरणिकेतून. मलपृष्ठ २५ हजार, आतली दोन कव्हरं प्रत्येकी १५ हजार, वीस पूर्ण पानं पाच हजारांनी, सोळा अर्धी पानं तीन हजारांनी : एकूण २ लाख ३ हजार. पाचशे प्रतींच्या छपाईचे ४५ हजार गेले तरी १ लाख ५८ हजार उरतात. नाटक हे स्मरणिका काढण्याचं निमित्त आहे, असं समजून कामाची वाटणी करा. दहा जणी तिकिटांवर आणि दोघी जाहिरातींवर, अशी वाटणी नेहमी दिसते. ती उलटी हवी.

जाहिरातींत पैसे बुडतात ते उधारीमुळे. पान छापून झालं की दुकानदाराची घाई संपते. म्हणून मजकूर, लोगो आणि पैसे एकत्रच घ्या. रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय पान प्रेसला पाठवू नका. अपवाद एकही नको, अध्यक्षांच्या मेव्हण्याचाही नको.

तिकिटांच्या पुस्तकांवर क्रमांक हवेत. प्रत्येकीला वीस तिकिटं द्या, न विकलेली तिकिटं अर्धुकांसह प्रयोगाच्या तीन दिवस आधी परत घ्या. त्यानंतर परत आणली तर पैसे तिने भरायचे, हे पहिल्याच सभेत ठरवून इतिवृत्तात लिहा. नाही लिहिलं तर प्रयोगाच्या संध्याकाळी साडेपाचला पर्समधून चौदा तिकिटांचा गठ्ठा निघतो, आणि तेव्हा खिडकीवर विकायला वेळ नसतो. तिकिटाचा दर माणशी ५०० रुपयांच्या वर नेऊ नका. नाटक-संगीताच्या कार्यक्रमाला तिथपर्यंत जीएसटीची सूट आहे. ५०१ केलं की ती गेली. तारीख ठरवताना दहावी-बारावीच्या परीक्षा आणि लग्नाच्या दाट तिथी टाळा. वाद्यवृंदाचा कार्यक्रम असेल तर गाण्यांच्या हक्कांचं शुल्क खर्चात आधीच धरा.

प्रश्न : तिकीट आणि जाहिरात घेणाऱ्यांना ८०जीची (देणगीवरच्या करसवलतीची) पावती देता येईल का? काही देणगीदार रोख देतात. एकांचा मुलगा अमेरिकेतून रक्कम पाठवायला तयार आहे.
– खजिनदार, नाशिकरोड

तीन प्रश्न आहेत, एकेक घेऊ.

बदल्यात काही मिळालं असेल तर ती देणगी नव्हे. तिकिटाला खुर्ची मिळते, जाहिरातीला पान मिळतं. दोन्हींना ८०जी नाही. जाहिरातदाराला हे सांगायला कचरू नका, कारण त्याचं नुकसान होतच नाही. धंद्यासाठी दिलेली जाहिरात हा त्याचा पूर्ण खर्च धरला जातो. ८०जी नोंदणी असलेल्या ट्रस्टला दिलेल्या देणगीवर मात्र साधारण निम्म्याच रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या मर्यादेत.

रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली की वजावट नाही. नव्या करप्रणालीत असलेल्या नोकरदाराला तर ही वजावट मुळातच मिळत नाही. त्यामुळे 'कर वाचवा' हे आवाहन आता पूर्वीइतकं चालत नाही. कामाचं नाव घेऊन मागितलेलं बरं. देणगीदाराचा पॅन पावती फाडतानाच घ्या. वर्षअखेरीनंतर ३१ मेपर्यंत सगळ्या देणग्यांचं विवरणपत्र आयकर खात्याकडे भरायचं असतं. आजवर ते १०बीडी नावाने ओळखलं गेलं. त्यातूनच देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. आणि मे महिना म्हणजे मावळत्या खजिनदाराचं लक्ष उडालेलं असतं तो काळ! एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. पावतीवरचा जुना मजकूर सीएला दाखवून दुरुस्त करून घ्या.

अमेरिकेतल्या मुलाच्या बाबतीत पासपोर्ट पाहायचा. भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी ती परदेशी देणगी. ती घ्यायला ट्रस्टकडे एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. 'वडिलांच्या खात्यातून फिरवून घ्या' असं कुणी सुचवेल. त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : लकी ड्रॉची कुपनं विकून पैसे जमवले तर? पहिलं बक्षीस स्कूटर.
– सिडको

नको. पैसे घेऊन कुपन आणि सोडतीत बक्षीस, ही लॉटरी झाली आणि परवानगीशिवाय खासगी लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे. सगळीकडे चालतं म्हणून ते कायदेशीर होत नाही. आणि तुमची संस्था नोंदणीकृत नसेल तर साधी वर्गणी गोळा करायलाही धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते, जशी गणेश मंडळांना लागते. दानपेटी ठेवायची तर तिला दोन कुलपं लावा, किल्ल्या दोघांकडे ठेवा, मोजणी तिघांसमोर करा, त्याच दिवशी भरणा करा. पेटीतले पैसे निनावी असतात. एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यातली जी रक्कम मोठी तिच्यापुढच्या निनावी देणगीवर ३० टक्के कर लागतो.

प्रश्न : अंबडमधल्या एका कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळवायचा आहे. दोन वर्षं जानेवारीत प्रस्ताव देतो, उत्तरच येत नाही.
– प्रकल्प संचालक, इंदिरानगर

जानेवारीत उशीर झालेला असतो. कंपन्यांचा वार्षिक आराखडा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ठरतो. जानेवारीत हातात असतं ते उरलंसुरलं. तुमचे अध्यक्ष जुलैत सूत्रं घेतात, पण कंपनीच्या दारात नियोजित अध्यक्षांनी एप्रिलमध्येच जायला हवं. ट्रस्टचा सीएसआर-१ क्रमांक (सीएसआर निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी), १२ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करसूट देणारी) आणि ८०जी नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव, हे नसेल तर फाइल पहिल्या टेबलापुढे सरकत नाही. प्रस्ताव दोन पानांचा असावा : कोणतं गाव, किती माणसं, काय बांधणार, किती कोटेशनं घेतली, आणि तीन वर्षांनंतर देखभाल कोण करणार. शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक प्रस्ताव गप्प असतात. पुढचं पत्र त्याच गप्पपणाबद्दल आहे.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेला एका क्लबने आरओ यंत्र (पाण्यातले क्षार काढणारं) दिलं. उद्घाटनानंतर सात-आठ महिन्यांत बंद पडलं. आता क्लबचे पदाधिकारी बदलले, कुणी फोन घेत नाही.
– शिक्षक, सिन्नर तालुका

यंत्र बहुतेक वेळा सुट्टीत मरतं. मे महिन्यात पाणी आत साचून राहतं, मेम्ब्रेनवर (क्षार अडवणाऱ्या पडद्यावर) बुरशी-जिवाणूंचा थर बसतो, जूनमध्ये सुरू केलं की धार करंगळीएवढी. त्याआधी गाळाची कॅन्डल वेळेवर बदलली गेलेली नसते, त्यामुळे पाणी खेचताना पंपावर ताण येतो. दुरुस्ती करणाऱ्याला बोलवून आधी कॅन्डल आणि कार्बन फिल्टर बदलायला सांगा, मग मेम्ब्रेन तपासा. तो उलट क्रमाने गेला तर नवं मेम्ब्रेनही दोन महिन्यांत जाईल. पुढच्या वेळी सुट्टी लागण्याआधी टाकी रिकामी करून वीज बंद करा, आणि शाळा उघडल्यावर पहिला अर्धा तास धार वाहू द्या.

पण मूळ प्रश्न देणाऱ्या क्लबांना आहे : इथे आरओ हवाच होतं का? पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल, तर फक्त क्षारांसाठी आरओ लावायची गरज नाही. गाळणी आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरतं, पाणी वाया जात नाही, देखभालही सोपी. बोअरचं पाणी जड असेल तर आरओ ठीक, पण मग बाहेर फेकलं जाणारं पाणी झाडांना आणि स्वच्छतागृहाला वळवायची पाइप त्याच दिवशी टाकावी. हजार-पाचशेची पाणी तपासणी आधी करून घेतली असती तर हे कळलं असतं. शाळेला वस्तू देताना तीन वर्षांच्या देखभाल कराराचे पैसे त्याच बजेटमध्ये धरा. ते धरल्यावर दोनऐवजी एकाच शाळेला यंत्र देता येत असेल, तर एकाच शाळेला द्या.

प्रश्न : पेठ-सुरगाणा भागात वनराई बंधारा (मातीने भरलेल्या पोत्यांचा) बांधायचाय. ४० सभासद एका रविवारी येतील. पोती किती लागतील आणि कुठे चुकतं?
– ज्येष्ठ नागरिक संघ, पंचवटी

कमी पैशात इतकं दिसणारं काम दुसरं नाही. पाऊस धो धो पडणारा हा भाग, पण खडकाळ उतारावरून पाणी निघून जातं आणि मार्च-एप्रिलात हंड्यांची रांग लागते. वेळ निवडायची ती ऑक्टोबर-नोव्हेंबरची. पाऊस थांबलेला आणि नाल्याला अजून बारीक धार, हे दोन्ही हवं. डिसेंबरमध्ये गेलात तर अडवायला पाणीच नसेल. जागा गावकरी आणि कृषी सहायक यांच्याबरोबर ठरवा. जागा वनखात्याच्या हद्दीत असेल तर त्यांची परवानगी आधी घ्या. नाल्याचे काठ उंच असावेत, म्हणजे साठलेलं पाणी कुणाच्या खाचरात शिरणार नाही.

हिशेब असा. नाला १० मीटर रुंद, बंधारा १ मीटर उंच, तळाला दीड मीटर आणि माथ्याला ६० सेंटिमीटर जाड. म्हणजे साडेदहा घनमीटर. सिमेंटचं पोतं दोन-तृतीयांश भरलं की साधारण २५ लिटर जागा घेतं. ४२० पोती लागतात. फाटकी धरून ५०० न्या. बांधकामांच्या साइटवर रिकामी पोती मिळतात, फक्त ती आधी झटकून-मोजून गठ्ठे बांधा. फावडी, घमेली, दाभण आणि सुतळीची रिळं गावातून मिळतील हे गृहीत धरू नका. चौघांचा एक गट : एक फावड्यावर, एक पोतं धरायला, एक शिवायला, एक वाहायला. असे दहा गट चार-पाच तासांत काम संपवतात. ज्येष्ठांनी शिवणकाम घ्यावं, वाहतूक गावातल्या तरुणांना द्यावी.

चुका ठरलेल्या आहेत. पोतं गच्च भरलं की ते गोल होतं, एकावर एक बसत नाही, घरंगळतं. दोन-तृतीयांश भरलेलं चपटं बसतं. पात्रातली वाळू-गाळ बाजूला न करता त्यावरच थर रचला की पाणी खालून वाट काढतं. कडक मुरूम किंवा खडक लागेपर्यंत तळ साफ करा. दोन्ही काठांत फूट-दीड फूट खाच घेऊन पोती आत घुसवा, नाहीतर बाजूने काठ कोरला जातो. सांधा मोडूनच रचा, विटांच्या भिंतीसारखा. पोती भरायला काठ खणू नका, वरच्या अंगाची पात्रातली माती घ्या, डोहही खोल होतो. मधल्या भागात एक थर कमी ठेवा म्हणजे जादा पाणी मधून जाईल. शेवटी वरच्या अंगाला चिकणमातीचा जाड लेप.

हा बंधारा एका हंगामाचा असतो. उन्हाने प्लास्टिकच्या पोत्यांच्या चिंध्या होतात, म्हणून पावसाआधी मे अखेर जाऊन ती काढून आणा. फोटो काढायला चाळीस जण येतात. चिंध्या गोळा करायला दहा तरी ठरवून ठेवा.

प्रश्न : रक्तदान शिबिरात प्रत्येकाला हेल्मेट द्यायचं ठरतंय. योग्य आहे का?
– सातपूर

मोलाची वस्तू देऊ नका. तिच्यासाठी आलेला माणूस आजार, औषधं किंवा गेल्या महिन्यातलं रक्तदान लपवतो. पुरुषांना दोन रक्तदानांत तीन, स्त्रियांना चार महिन्यांचं अंतर हवं; हिमोग्लोबिन किमान १२.५. आणि एकाच दिवशी तीनशे पिशव्यांचा विक्रम करू नका. प्लेटलेट्स पाच दिवस टिकतात, तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस. रक्तकेंद्राला विचारा, दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत साठ-सत्तर पिशव्या दिल्यात तर त्यांना जास्त उपयोग.

प्रश्न : क्लबतर्फे रुग्णोपयोगी साहित्य केंद्र सुरू करतोय : व्हीलचेअर, वॉकर, फाउलर बेड (डोक्याची-पायाची बाजू वर करता येणारी खाट), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन मिळवून देणारं यंत्र). अनामत किती घ्यावी?
– उपनगर

वस्तूच्या किमतीच्या चौथा हिस्सा ते निम्मी. फारच कमी घेतली की वॉकर माळ्यावर जाऊन बसतो. अनामत हे उत्पन्न नाही, ती परत द्यायची आहे. तिचं खातं वेगळं ठेवा. ती खर्च करून टाकलेली केंद्रं असतात आणि तिथे परत न्यायला आलेल्या माणसाला 'पुढच्या आठवड्यात या' सांगावं लागतं. तेही बहुधा घरात कुणी गेल्यानंतर तो बेड परत करायला आलेला असतो.

फाउलर बेड विकत घेण्याआधी जिन्याचा विचार करा. दोन भागांत सुटणारा घ्या, नाहीतर तिसऱ्या मजल्यावर जाणार नाही. कॉन्सन्ट्रेटर परत आला की जाळीचा फिल्टर धुऊन पूर्ण वाळवा, यंत्र किती तास चाललं तो आकडा नोंदवा, नाकातली नळी दर रुग्णाला नवी द्या. व्हीलचेअरची पुढची लहान चाकं आधी जातात, चार जोड शिल्लक ठेवा. एअर बेडचा पंप क्वचित बिघडतो, गादी मात्र पंक्चर होते, बहुतेकदा सेफ्टी पिनने. वस्तू देताना आणि घेताना नावासमोर मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला की 'आधीच तुटलेलं होतं' हा वाद राहत नाही.